बांबूला बांबू, लाकडाला लाकूड

चॉपस्टिक्सच्या बाबतीत मला कोणी काही शिकवू नये. चिनी चॉपस्टिक लांब आणि टोकाला बोथट, कारण ताटल्या टेबलाच्या मधोमध असतात आणि हात तिथवर पोचायला हवा. जपानी आखूड आणि निमुळती, कारण माशाचे काटे. आमची कोरियातली चपटी, स्टीलची. ती माझ्या हातात दिसली की सासरे विचारायचे, "दोक्सू, हिनं जेवायचं की रेडिओ उघडायचा?"

सासरे म्हणजे उरातानी इवाओ. जपानात वाकासाच्या किनाऱ्यावर आमचा लाखेच्या चॉपस्टिक्सचा लहानसा कारखाना आहे. त्यात त्यांचं काम एकच, जोड्या लावणं. एक काडी डाव्या तळहातावर, एक उजव्या. डोळे मिटलेले. वजन जुळलं नाही, की काडी परत ढिगात. मी लग्न करून सोलहून इथं आलो तेव्हा त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं आणि म्हणाले, "विजोड जोडी या घराबाहेर जाता कामा नये."

बाकीच्यांना एक विजोड जोडी घरातही नको होती. ती म्हणजे माझी बायको चिनात्सु आणि मी. मेव्हणा सेइगो माझ्याशी बोलताना भिंतीकडे बघायचा. सासूबाई मला अजून पाहुण्यासारखं "तुम्ही" म्हणायच्या.

गेल्या आठवड्यात सासरे गेले.

दाहगृहाच्या बैठकीत आम्ही चहा घेऊन बसलो होतो. आत त्यांचं जे व्हायचं ते चाललं होतं. नंतर अस्थी चॉपस्टिक्सनं उचलून कलशात ठेवायच्या, दोघादोघांनी मिळून एकेक, एवढं मला ऐकून माहीत होतं. माझ्या माहेरी, म्हणजे सोलला, घरची माणसं हे करत नाहीत. सेइगो सकाळपासून कोण कोणासमोर उभं राहणार ते ठरवत होता. माझं नाव कोणासमोरच येत नव्हतं.

मला फार नको होतं. एक हाड. बोटाचं चाललं असतं.

"आत तयारी झाली का ते कोणीतरी बघा," सेइगो भिंतीला म्हणाला. मी उठलो.

टेबल.

पांढरं कापड.

कापडावर लांब चॉपस्टिक्स. प्रत्येक जोडीत एक काडी बांबूची, एक पांढऱ्या लाकडाची.

परत पाहिलं. प्रत्येक जोडीत.

ज्या माणसानं जन्मभर विजोड काडी परत ढिगात टाकली, त्याला असल्या जोड्यांनी उचलायचं? मी बाह्या सारल्या. बांबूला बांबू. लाकडाला लाकूड. डोळे मिटून वजनही पाहिलं. काम इतकं चोख झालं, की मला तिथंच थोडं रडू आलं.

मग सगळे आत आले. अस्थींचा ट्रे आला. तिथल्या बाईंनी कसं धरायचं ते दाखवायला एक जोडी उचलली आणि तशाच थांबल्या.

"क्षमा करा." दुसरी उचलली. "क्षमा करा." तिसरी.

"काय झालं?" सेइगोनं विचारलं.

"मोठी चूक झाली आमच्याकडून, साहेब."

"या जेवायला बसल्यासारख्या जोड्या? आमच्या वडिलांपुढे?"

बाईंचे वरिष्ठ धावत आले. माफी मागायला ते इतके वाकले, की त्यांचा टाय ट्रेच्या कडेला टेकला, आणि ट्रे अजून गरम होता. जळका वास आला.

"मी स्वतः लावल्या होत्या, साहेब," बाई पुटपुटल्या.

"उद्यापासून तुम्ही फाटकावर," वरिष्ठ टाय झटकत म्हणाले.

चिनात्सु माझ्याकडे बघत होती. लग्नाच्या बायकोला चेहरा वाचता येतो. "तू?"

"नीट लावल्या फक्त," मी मोठ्यानं म्हणालो. "त्यांची चूक नाही. जोड्या चुकलेल्या होत्या."

"त्या चुकलेल्याच असतात," सेइगो म्हणाला. पहिल्यांदाच माझ्याकडे बघून. "मुद्दाम. मेलेल्यांचं आणि जेवणाऱ्यांचं एक होऊ नये म्हणून. एवढंही माहीत नाही तुला?"

खोलीत माझ्या बाजूचा एकच माणूस होता. तो ट्रेवर होता.

सासूबाई टेबलापाशी गेल्या. एक बांबूची जोडी घेतली, एक काडी डाव्या तळहातावर ठेवली, एक उजव्या. डोळे मिटले.

"रंगावरून लावल्यात की वजनावरून?"

"दोन्हीवरून, आई."

"हं." त्यांनी काड्या खाली ठेवल्या आणि वरिष्ठांकडे वळल्या. "बाईंना फाटकावर धाडू नका. आमच्या घरचंच काम आहे हे. आता परत विजोड लावा सगळ्या."

विजोड लावायला मीही लागलो, पण ते मला जमेना. हात आपोआप बरोबर काडी शोधायचा. शेवटी बाईंनीच माझ्या हातातून काढून घेतल्या.

"आई, तुझ्यासमोर मी उभा राहतो," सेइगो म्हणाला.

"तू नंतर. दोक्सू, इकडे ये."

मी पलीकडे जाऊन उभा राहिलो. सुरुवात पायाकडून करतात. सासूबाईंनी एक हाड एका टोकाला धरलं, मी दुसऱ्या. मी इतकी वर्षं तळहातावर वजनं तोलतो आहे, पण याला वजनच नव्हतं. सुटेल अशी भीती वाटली, म्हणून दाबलं. बारीकसा आवाज झाला आणि एकाचे दोन तुकडे झाले.

सेइगोनं डोळे मिटून घेतले.

सासूबाईंनी आपल्याकडचा तुकडा सावकाश कलशात ठेवला. मग वर न बघता म्हणाल्या, "इतकं घट्ट नको धरूस. आता ते कुठं जाणार आहेत?"