कानवाले शफी मिस्त्री

लासूर स्टेशनला भाचीचं लग्न आटोपून आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी शफी मिस्त्रींचा उजवा कान खाजला, आणि त्यांनी कान साफ करायचं ठरवलं. एवढाच काय तो निर्णय. माणसं याहून मोठमोठे निर्णय घेतात, निवडणुकीला उभी राहतात, भावाबरोबर भागीदारीत धंदा काढतात, आणि तरी धडधाकट राहतात. मिस्त्रींच्या नशिबात मात्र कापसाची काडी होती.

कान हेच मिस्त्रींचं भांडवल. क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीत त्यांचं मोटार रिवायंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार भरायचं, दुकान. कुणी विहिरीवरची मोटार आणली की मिस्त्री ती चालू करायचे, लांब पेचकसाचं टोक तिच्या अंगावर टेकवायचे, मूठ उजव्या कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. दुकानातली मंडळीही मग उगाचच श्वास रोखून उभी राहायची. "मागचं बेरिंग," असं मिस्त्री म्हणाले की उघडल्यावर मागचंच बेरिंग निघायचं. पार पैठणपर्यंत लोक त्यांना कानवाले मिस्त्री म्हणत. (त्यांना डावा कानही होता, पण तो चष्मा अडकवण्यापुरता.)

तर मिस्त्रींनी काडी घातली. आत काहीतरी मऊ लागलं. मळ असणार, असं म्हणून त्यांनी काडी फिरवली, जरा दाबली, पुन्हा फिरवली. "बेरिंगमधला कचरा आत ढकलू नका, बाहेर ओढा," असं सगळ्या गिऱ्हाइकांना बजावणारा हाच माणूस. पण लोका सांगे ब्रह्मज्ञान. खाज थांबली आणि गल्लीतला गलकाही बराच कमी झाला. पोरं शाळेत गेली असतील, असं मिस्त्रींना वाटलं. त्या दिवशी रविवार होता.

त्या दिवसापासून दुकानात येणारी प्रत्येक मोटार चांगली निघू लागली. मिस्त्री पेचकस लावायचे, डोळे मिटायचे आणि खूश होऊन म्हणायचे, "एकदम सायलेंट." कंपन्या सुधारल्या, माल चांगला यायला लागला, असं त्यांचं मत झालं.

बुधवारी बिडकीनचे काकासाहेब आले. वीस वर्षांचं जुनं गिऱ्हाईक. मोसंबीची बाग फळावर आलेली, आणि विहिरीवरची पाच हॉर्सपॉवरची मोटार कुरकुरत होती. मिस्त्रींनी कान लावला.

"काही नाही काका, घेऊन जा. मख्खन चालतीय."

"शफीभाई, मला तर कण्हल्यावाणी वाटती," काकासाहेबांनी जोरजोरात मान हलवली.

"नाय हो. मी सांगतो ना."

काकासाहेबांनी मोटारीकडं पाहिलं, मग मिस्त्रींकडं पाहिलं. दोघांपैकी कुणाची काळजी करावी हे ठरेना. "बरं. तुमी म्हणता म्हंजे व्हय," असं म्हणून त्यांनी मोटार टेम्पोत चढवली.

इकडं घरी वेगळंच रामायण. शकीलाबींचं लग्न ग्रीसच्या वासाशी लागलेलं होतं, असं त्या स्वतःच म्हणत. पण आता चार दिवस झाले, मिस्त्री जवळून गेले की खसच्या अत्तराचा घमघमाट सुटत होता. कामावर जाताना अत्तर लावणारा मिस्त्री त्यांनी पाहिला नव्हता.

"अजी, किसके लिए लगाते जी ये अत्तर?"

मिस्त्रींना ते ऐकूच आलं नाही. ते नुसते हसले. आणि नवऱ्यानं अशा प्रश्नावर नुसतं हसणं म्हणजे काय, हे सांगायला नको. दोन दिवस शकीलाबींनी भाजीत मीठ घातलं नाही. मिस्त्री आपल्याच तंद्रीत "वा, वा" म्हणत जेवले, तेव्हा शकीलाबींचा संशय पक्का झाला.

शनिवारी त्या डाळीचा कुकर चढवून शेजारी गेल्या. जाताना हाताची तीन बोटं दाखवून मिस्त्रींना बजावलं, "तीन सीटी हुए तो गॅस बंद करो." परतल्या तेव्हा जळका वास दारापर्यंत आला होता, कुकर बाविसाव्या शिट्टीला कोकलत होता, आणि मिस्त्री त्याच्यापासून दोन हातांवर, डोळे मिटून, उजवा कान कुकरकडं करून, इमानदारीनं बसले होते.

"घाई नको," ते म्हणाले. "अजून पहिली पण नाय झाली."

शकीलाबींनी गॅस बंद केला. राग कुठल्या कुठं गेला. त्यांनी नवऱ्याच्या पाठीमागं जाऊन ताट आपटलं. मिस्त्री ढिम्म. मग त्यांनी समोर येऊन स्वतःच्या कानावर हात ठेवला आणि मान हलवली. मिस्त्रींचा चेहरा पांढराफटक पडला. तार गुंडाळणारे हात शहरात शंभर असतील, कान गेला तर आपल्याजवळ उरतं काय, हे त्यांना पहिल्यांदा कळलं. आणि लगेच दुसरं आठवलं. काकासाहेबांची मोटार.

कानाच्या डॉक्टर होत्या राहत मॅडम, वयानं लहान, पण हात शांत. त्यांनी कपाळावरचा दिवा लावला, उजव्या कानात पाहिलं, "हलू नका" अशी खूण केली आणि बारीक चिमट्यानं काहीतरी हळूहळू बाहेर ओढलं. दवाखानाभर खसचा वास पसरला. ट्रेमध्ये कापसाचा एक चपटा गोळा पडला होता.

शकीलाबींनी तो ओळखला. "या अल्लाह. ये तो गयासमामूका फाया है."

मग सगळा उलगडा झाला. लग्नात गयासमामूंनी सगळ्यांच्या कानाच्या वरच्या वळणात अत्तराचा फाया ठेवला होता. येताना स्कूटरवर वारा लागू नये म्हणून मिस्त्रींनी डोक्यावरून रुमाल करकचून बांधला, फाया घसरून कानाच्या तोंडाशी आला, आणि रविवारी काडीनं त्याला पार आत पोहोचवलं.

"नशीब, पडदा शाबूत आहे," मॅडम म्हणाल्या. "काडी अजून थोडी दाबली असती तर फाटला असता. कान आपला आपण साफ होतो, मिस्त्री. मळ हळूहळू स्वतःच बाहेर येतो. काडी त्याला उलट आत दाबते. बाहेरून टॉवेलनं पुसा, बास. दडा बसला तर इकडं या." मग त्यांनी डावा कान पाहिला आणि कपाळावरचा दिवा आणखी जवळ नेला. "इथं तर वर्षानुवर्षं काडीनं ठासून भरलंय. चार दिवस थेंब टाका, मग काढते."

मिस्त्री सगळं ऐकत होते. शब्द, दिव्याची गुणगुण, बाहेरच्या रिक्षा, सगळं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. फीचं विचारायच्या आधी त्यांनी वर पाहून सांगितलं, "मॅडम, तुमच्या पंख्याचं बेरिंग वाजतंय. उद्या मी येऊन बदलतो. पैसे घेणार नाही."

तिथून ते थेट बिडकीनला. वाटेत जळालेली मोटार, सुकलेली बाग आणि काकासाहेबांचं तोंड, हे सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून चार वेळा गेलं. शेतात पोहोचले तर मोटार लिंबाच्या सावलीत, गोणपाट पांघरून, निवांत बसलेली. पाटात मात्र पाणी खळखळत होतं.

"रामकिसनच्या विहिरीचं घेतलंय चार दिवस," काकासाहेब म्हणाले. "मोटार कण्हती हे मला ऐकू येतंय आन् तुमाला नाय, म्हंजे बिघाड एकट्या मोटारीत नव्हता. म्हटलं, आधी मिस्त्री दुरुस्त होऊ द्या. मोटारीला काय, मिस्त्री हाय."

"दुसऱ्याकडं का नाय नेली, काका?"

"वीस वरीस तुमच्या कानावर बाग पोसली. एका हप्त्यात सोडू व्हय?"

मिस्त्रींनी मोटार चालू करायला लावली, पिशवीतून पेचकस काढला, तिला लावला, डोळे मिटले. मागचं बेरिंग. खडखडत होतं, आणि इतका गोड आवाज त्यांनी आयुष्यात ऐकला नव्हता.

पुढच्या शुक्रवारी डावा कानही मोकळा झाला. नमाज झाली, काकासाहेबांच्या मोसंब्या खाऊन झाल्या, आणि मिस्त्री मनातल्या मनात सगळ्यांचे आभार मानत दुपारी नेहमीप्रमाणे उजव्या कुशीवर, उजवा कान उशीत आणि डावा वर करून आडवे झाले. तोच ताडकन उठून बसले. खर्रर्र, खट्, खर्रर्र. समोर त्यांनी स्वतःच्या हातानं भरलेली मोटार घातलेला कूलर होता, जो ते आडवे झाल्यावरच लागायचा आणि ज्याला ते मोहल्ल्यात 'सायलेंट' म्हणून मिरवत.

"शकीला, ये आवाज कबसे आता?"

शकीलाबींनी कूस बदलली. "बिठाए तबसे. आठ बरस हुए."

"फिर बोले कायकू नहीं?"

"मोहल्लेवाले सब मना किए. बोले, नक्को बोलो, कानवाले मिस्त्री हैं, बुरा मान जाते."