चावरं इलॅस्टिक

शिंपीकाकांच्या काउंटरवर एकदम बारा ट्रॅकपँट येऊन पडल्या. पाठोपाठ सकाळी मैदानात व्यायाम करणारं अख्खं मंडळ दुकानात घुसलं.

“तुमचं इलॅस्टिक चावतं!” मंडळाचे अध्यक्ष कडाडले.

“अहो, इलॅस्टिकला काय दात असतात?”

अध्यक्षांनी सदरा वर केला. कमरेभोवती लालबुंद पुटकुळ्या, टीप मारल्यासारख्या एका रेषेत. घोट्यांवरही तेच. बाराही जणांना, आणि सगळं नेमकं इलॅस्टिकच्या जागी. आता बोला!

मागे मुख्याध्यापकबाई उभ्या होत्या. शाळेच्या दोनशे पँटचं काम त्यांच्याच हातात होतं. “शनिवारपर्यंत कारण कळलं नाही, तर मी दुसरा शिंपी बघेन,” त्या म्हणाल्या.

काकांनी त्याच इलॅस्टिकची नवी पँट शिवली आणि दोन दिवस घरीदारी अंगावरून उतरवली नाही. काकू तासातासाला विचारायच्या, “खाजतंय का हो?”

“छे! काहीच नाही. मग या लोकांना चावलं तरी काय?” आता काकांना काही केल्या चैन पडेना.

शुक्रवारी सकाळी ते आपला नेहमीचा नाडीचा पायजमा घालून, सुई ओवायचं भिंग खिशात टाकून मैदानात हजर. मंडळ व्यायाम करायचं मोकळ्या जमिनीवर, पण नंतर गप्पांना बसायचं कडेच्या वाढलेल्या गवतात. काका तिथे सरळ पालथे झोपले आणि गवताच्या पात्याला भिंग लावलं. टोकावर एक लाल ठिपका होता. ठिपका चालायला लागला!

“कोळ्याच्या जातीतले किडे ते,” मैदानाचा माळी म्हणाला. “पायावरून चढतात आणि कपडा जिथे आवळलेला असेल तिथे अडून चावतात. खाज सुटते ती संध्याकाळी, घरी गेल्यावर. मग गवतावर कोण संशय घेणार?”

काकांनी लगेच अध्यक्षांना गाठलं. ते ढिम्म. “एवढासा ठिपका बारा जणांना चावतो? काहीतरीच! इलॅस्टिकचं पाप किड्यांच्या माथी मारू नका.”

काका हिरमुसून घरी आले. पण संध्याकाळी कमरेला चुरचुरलं. मग खाज सुटली. मग अशी काही सुटली की काका आनंदाने ओरडले, “अगं, खाजतंय!”

काकूंनी कपाळाला हात लावला.

शनिवारी काका धावतच मैदानात पोचले. मंडळ गवतात गप्पा मारत होतं. काकांनी निरोप धाडलेल्या मुख्याध्यापकबाईही तेवढ्यात येत होत्या. काकांनी सगळ्यांसमोर सदरा वर केला. कमरेभोवती पुटकुळ्यांची तश्शीच रेष!

“बघा! इथे इलॅस्टिकचा धागासुद्धा नाही. नुसती नाडी!”

अध्यक्षांनी बसल्याबसल्या भिंग घेतलं, बराच वेळ निरखलं आणि ठामपणे निकाल दिला, “म्हणजे तुमची नाडीसुद्धा चावते.”

बाई वाटेवरच थबकल्या आणि खो खो हसत सुटल्या. “काका, दोनशे पँट तुम्हीच शिवायच्या. आणि अध्यक्ष, तुम्ही आधी त्या गवतातून उठा बघू.”