कोपराचं शिरस्त्राण

ज्ञान भिंतीवर टांगलं की ते आपोआप डोक्यात उतरतं, याबद्दल जगातल्या सगळ्या सरकारांचं एकमत आहे. म्हणूनच ग्रीसच्या दक्षिणेकडल्या त्या छोट्या बंदरगावात रस्ता-शिक्षण समिती स्थापन झाली, आणि शाळांतून 'मोटारसायकल : अंगे व उपयोग' असं सचित्र पोस्टर लावण्याचा ठराव तिने मंजूर केला. (मोटारसायकल म्हणजे काय हे गावात फक्त कोंबड्यांना ठाऊक नव्हतं, आणि त्या रोज रस्त्यावर शिकत होत्या.)

चित्राचं काम एवान्थियाकडे आलं. तोवर तिने खाणावळींच्या पाट्यांवर ऑक्टोपस रंगवले होते. जिला आठ पाय जमतात तिला दोन चाकं काय जड, असं समितीचं मत पडलं.

एवान्थियाने काम घेतलं ते धाकट्या भावापायी. सोतिरिस घरोघरी सुवलाकी पोचवायचा. मांस गरम पोचावं म्हणून गाडी भन्नाट सोडायचा आणि हेल्मेट कोपरात अडकवायचा. गावचा रिवाजच तसा होता. पोलिसाने हटकलं तर हेल्मेट जवळ आहे, आणि केसांचा भांगही जागच्या जागी. एवान्थियाचा जीव मात्र तो घरी येईपर्यंत टांगणीला लागलेला असे.

"ताई, भुणभुण पुरे," सोतिरिस म्हणाला. "तुझ्या पोस्टरवर जिथं असेल तिथं घालीन. बस्स?"

"आईच्या डोक्यावर हात ठेवून बोल."

"ठेवला असता गं, पण हात अडकलाय. हेल्मेट आहे ना!"

तिने जीव ओतून चित्र काढलं. हँडल, टाकी, ब्रेक, प्रत्येकाला बाण. भोंग्याचा बाण सगळ्यांत जाड होता, कारण ब्रेकची बरीचशी कामं गावात भोंगाच करी. आणि स्वाराच्या डोक्यावर लालभडक हेल्मेट.

समितीचे अध्यक्ष प्रोकोपिस, निवृत्त औषधविक्रेते, चष्मा पुसून चित्रावर वाकले.

"पोरी, हा कोण?"

"मोटारसायकलवाला, काका."

"डोक्यावर हेल्मेट घालून? हा तर जर्मन पर्यटक!"

मुख्याध्यापिका थिओदोराबाईंनी दुजोरा दिला. "मुलं गोंधळतील हो. चित्र वास्तवाला धरून हवं."

"मग वास्तव बदला ना, बाई!"

"ते आमच्या अधिकारात येत नाही. चित्र येतं."

मग अध्यक्षांनी आकडेवारी वाचली. कोपराच्या दुखापतींचं गावातलं प्रमाण शून्य टक्के; इतकी सुरक्षित कोपरं उभ्या देशात नाहीत. डोक्यांची पाहणी अपुरी राहिली होती. (ज्यांना विचारायचं, त्यांच्यातले बरेच उत्तर देण्याच्या स्थितीत नव्हते.)

"अहो, माझा भाऊ मरेल!" एवान्थिया ओरडली. तिला रडू फुटलं. इतिवृत्तात नोंद झाली : 'चित्रकर्तीने कौटुंबिक अडचण मांडली.'

समिती निर्दय नव्हती. तिने तडजोड काढली. आकृती एक : स्वार, हेल्मेट कोपरावर. आकृती दोन : पर्यटक, हेल्मेट डोक्यावर. असंच पोस्टर छापलं गेलं, आणि सुवलाकी द्यायला शाळेत गेलेल्या सोतिरिसने ते भिंतीवर पाहिलं.

"बघ, ताई, मी शब्दाचा पक्का," संध्याकाळी तो कोपर नाचवत म्हणाला. "की मी तुला जर्मन वाटतो?"

त्याच आठवड्यात मासळीबाजाराच्या ओल्या वळणावर त्याची गाडी घसरली. डोक्याला टाके पडले. शुद्धीवर आला तेव्हा उशाशी बसलेल्या बहिणीला तो म्हणाला, "बोला मॅडम, ऑर्डर काय?" आणि कितीतरी दिवस तेच विचारत राहिला. तीही रोज नेमाने दोन सुवलाकी सांगायची, आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन डोळे पुसायची.

प्रोकोपिसकाका मिठाई घेऊन भेटायला आले. त्यांनी सोतिरिसचं कोपर उजेडात धरून उलटसुलट तपासलं. साधं खरचटलंही नव्हतं.

"बघितलंस, पोरी?" ते गहिवरून म्हणाले. "याला म्हणतात लोकशिक्षण!"

पोस्टरच्या दुसऱ्या आवृत्तीत त्या कोपराचा फोटो आहे.

असं हे दूरदेशीचं, ऑक्टोपस खाणारं गाव. हसावं तेवढं थोडंच. हसून झालं की जरा खाली जाऊन आपल्या गाडीकडे नजर टाका, आणि हेल्मेट आरशावर नीट बसलंय ना, तेवढं बघून घ्या. आरसे हल्ली लवकर फुटतात.