डावीकडचं जरा स्पष्ट

परीक्षकबुवा सकाळपासून दोन डबक्यांकडे आळीपाळीने पाहत बसले होते. डबकी खरी नव्हती. एका गेममधला ओला रस्ता, रस्त्यात खड्डा, खड्ड्यात पाणी आणि पाण्यात समोरच्या दुकानाच्या पाटीचं प्रतिबिंब. डावीकडच्या स्क्रीनवरचं डबकं मागच्या पिढीच्या ग्राफिक्स कार्डाने रंगवलेलं, उजवीकडचं अगदी नव्या पिढीच्या. नवं कार्ड बनवणाऱ्या कंपनीचं म्हणणं असं, की हे पाणी पाहिल्यावर माणूस नकळत पाय वर उचलतो. परीक्षकबुवांना पाय उचलावेसे वाटत होते ते पलंगावर टाकण्यासाठी.

हे त्यांचं पोट भरण्याचं काम होतं. एका मासिकात ते ‘नुसत्या डोळ्यांनी’ नावाचं सदर लिहीत. बाकीचे परीक्षक आकडे देत, आलेख काढत, कुठलं कार्ड सेकंदाला किती चित्रं काढतं ते दशांशापर्यंत सांगत. बुवांच्या सदराचा दंडक असा, की आकडा एकही द्यायचा नाही. दोन कार्डं शेजारी लावायची, बघायची आणि जे दिसलं ते लिहायचं. त्यावरच सदराचं नाव झालं होतं आणि त्यावरच आता ते बुडायची वेळ आली होती.

कारण मागच्या पिढीच्या वेळी बुवांनी जे दिसलं ते लिहिलं होतं: ‘फारसा फरक दिसला नाही.’ वाचकांनी त्यांना फाडून खाल्लं. कुणी चष्म्याच्या दुकानांचे पत्ते पाठवले, कुणी ‘आजोबा, आता आराम करा’ म्हणून मायेने सुचवलं. संपादकबाई वयाने बुवांच्या भाचीएवढ्या, पण बोलायला स्पष्ट. त्यांनी फोनवर गोड आवाजात सांगितलं होतं, “सर, या वेळी फरक दिसला पाहिजे. पुन्हा ‘फारसा नाही’ आलं, तर सदर दुसऱ्या कुणाला तरी द्यावं लागेल. वाचक म्हणतात, सरांचे डोळे गेले.”

हे शेवटचं वाक्य बुवांच्या मनात घर करून बसलं होतं. दुसऱ्याची दृष्टी गेली तर त्याला काठी मिळते, सहानुभूती मिळते. यांची गेली तर यांना फक्त रिकामा वेळ मिळणार होता. आणि आज तर प्रकरण फारच पुढे गेलं होतं. फरक दिसत होता, पण उलटा. जुन्या कार्डाचं डबकं जरा स्पष्ट दिसत होतं आणि नव्याचं किंचित धुरकट. असं होणं शक्यच नव्हतं. मॉनिटरमध्ये दोष म्हणावा, तर डावीकडचा त्यांचा स्वतःचा आणि उजवीकडचा कंपनीने कार्डाबरोबर पाठवलेला, अगदी त्याच जातीचा, दोन जुळे भाऊ. सेटिंग त्यांनी तीनतीनदा तपासलं. डोळ्यांवर पाणी मारलं. परत आले, तरी डावीकडचंच स्पष्ट. म्हणजे डोळे कामातून गेले, यात बुवांना शंका उरली नाही.

त्यांनी आईला हाक मारली. आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. डावा अजून जुनाच होता, कारण एका डोळ्यात भागतंय तर दुसऱ्याला कशाला त्रास, असं तिचं मत होतं. नव्या डोळ्याने मात्र घरात कहर केला होता. तिला पंख्याच्या पात्यावरची धूळ खालून दिसे, सुनेच्या साडीवरचा डाग दारातून दिसे आणि मुलाचे पांढरे केस तर कुठूनही दिसत.

“आई, इथे बस. या दोनांतलं कुठलं चांगलं दिसतं?”

आईने आधी नवा डोळा झाकला. या डोळ्याने दोन्ही डबकी चहाची वाटतात, म्हणाली. मग जुना झाकला आणि क्षणभरही न थांबता डावीकडे बोट दाखवलं. “हे. हे जरा स्पष्ट आहे.”

बुवांनी शेजारच्या काकांना बोलावलं. ते उभ्या हयातीत घरांचे नकाशे काढत आलेले, रेघ केसभर हलली तरी त्यांना कळे. काकाही म्हणाले, डावीकडचं. बायको ऑफिसातून आली. तिला या खोलीत पाऊल टाकायचा कंटाळा होता, तेव्हा तिने चपला काढता काढता दारातूनच पाहिलं आणि म्हणाली, “डावीकडचं. आता जेवायला वाढू का?”

बुवांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. डोळे शाबूत होते. घसरलं होतं ते कार्ड. त्यांनी त्याच झपाट्यात लेख लिहून टाकला, की नवी पिढी एक पाऊल मागे आली आहे, हे पाणी पाण्यासारखं नाही, धुक्यासारखं आहे, आणि आपण हे नुसत्या डोळ्यांनी, तेही चार माणसांच्या, पाहिलेलं आहे. संपादकबाई हरखल्या. फरक मागितला होता, तो दणदणीत मिळाला होता. सुलटा की उलटा, हे काही त्यांनी विचारलं नव्हतं.

लेख आला आणि बुवांचा फोन थंड होईना. ज्यांनी जुनं कार्ड घेतलं होतं ते सगळे बुवांना देवमाणूस म्हणू लागले. ज्यांनी नव्यासाठी नाव नोंदवलं होतं ते नोंदणी रद्द करून वर बुवांचे आभार मानू लागले. गल्लीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानदाराने रस्त्यात गाठून सांगितलं, की साहेब, नवा माल खोक्यासकट पडून आहे, तुमच्या घरी आणून ठेवू का. बुवा हे सगळं मुकाट्याने ऐकत होते. कौतुकाचीसुद्धा दमणूक असते, हे त्यांना या वयात कळत होतं. मग संपादकबाईंचा फोन आला, की कंपनीचा माणूस तुमच्याकडे प्रत्यक्ष बघायला येतो आहे, जसं होतं तसंच लावून ठेवा.

माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, हातात बॅग आणि डोळ्यांखाली अशी काळी वर्तुळं, की बुवांना तो एकदम आपल्यातला वाटला. हे आज त्याचं तिसरं घर होतं, असं त्याने पाणी पिता पिता सांगितलं. बाकी दोघांनी केबलच चुकीच्या जागी लावली होती. इथे त्याने केबल पाहिली, ती बरोबर होती. कार्ड पाहिलं, तेही नीट बसलेलं. सेटिंग पाहिलं. मग तो खुर्चीत बसला, दोन्ही डबक्यांकडे पाहिलं आणि हळूहळू त्याचा चेहरा उतरला.

“सर,” तो म्हणाला, “डावीकडचं जरा स्पष्ट आहे.”

बुवांना जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण त्या माणसाची नोकरी जाताना समोर दिसत होती. तो बॅगेतून रुमाल काढून कपाळ पुसू लागला. आता कारखान्यात कळवावं लागेल, सगळा माल परत मागवावा लागेल, असं काहीतरी पुटपुटला आणि त्याने फोन काढला.

“त्यात एवढं काय,” आई दारातून म्हणाली. ती पाहुण्याला बघायला आली होती. “उजवीकडचं झाकलेलं आहे ना. मग कसं दिसेल स्पष्ट?”

“झाकलेलं म्हणजे?” बुवांनी विचारलं.

“अरे, प्लास्टिक नाही का त्याच्यावर. आलं तेव्हापासून आहे.”

इथे घराची एक गोष्ट सांगायला हवी. या घरात नव्या वस्तूवरचं प्लास्टिक काढत नसत. बुवांच्या वडिलांनी घालून दिलेला हा नियम आईने त्यांच्या माघारी निष्ठेने पाळला होता. रिमोट पिशवीत होता, फ्रिजच्या दाराला आठ वर्षं कागद होता, सोफ्यावर बसलं की माणूस करकरत असे. सूनबाई या नियमाच्या कट्टर विरोधात होत्या. डावीकडच्या मॉनिटरवरचं आवरण त्यांनीच पहिल्या दिवशी ओढून काढलं होतं, आणि त्यावरून दोघींत दोन दिवस अबोला होता. बुवा लहानपणापासून सगळं जग प्लास्टिकमधूनच पाहत आलेले. त्यांच्या नजरेला ते कधी खटकलंच नाही.

“मावशी, पण कंपनी त्याला एक लाल पट्टी लावते. ‘इथून ओढा’ लिहिलेली,” पाहुणा कसंबसं म्हणाला.

“ती शेपटी? लोंबत होती वेडीवाकडी. मी कात्रीने सफाईदार कापली.” आई बुवांकडे वळली. “तूच म्हणालास ना, हे परत द्यायचंय, जपून ठेव.”

“अगं, मग मी विचारलं तेव्हा सांगायचं नाहीस का?”

“तू विचारलंस, कुठलं चांगलं दिसतं. का दिसतं, ते कुठे विचारलंस?”

बायको चहाचा ट्रे घेऊन आली होती. तिने ट्रे टेबलावर ठेवला, एक सुस्कारा सोडला, उजव्या स्क्रीनच्या कोपऱ्यात नख घातलं आणि सवयीच्या हाताने अख्खं आवरण चर्रकन सोलून काढलं. आईने तोंड फिरवलं. तिला ते बघवत नसे.

पाहुण्याच्या जिवात जीव आला. त्याने खुर्ची पुढे ओढली. “आता बघा सर. आता जमीन-अस्मानाचा फरक. ते पाणी बघा, ती चमक बघा.”

बुवांनी पाहिलं. डावीकडे डबकं होतं, उजवीकडे डबकं होतं. त्यांनी मान तिरकी केली, चष्मा वर-खाली केला. दोन्ही डबकी एकाच आईची लेकरं वाटत होती.

“मावशी, तुम्ही बघा,” पाहुणा म्हणाला.

आईने जुना डोळा झाकला. बराच वेळ पाहिलं. “आता सारखीच आहेत,” ती म्हणाली.

“नाही हो. फरक आहे. दिसतोच आहे,” पाहुणा ठासून म्हणाला. मग त्याने चहा संपवला, चूक दुरुस्त करणारा लेख लवकर येऊ द्या म्हणून विनवलं आणि चौथ्या घराकडे निघून गेला. संपादकबाईंनी फोनवर तेच सांगितलं, फक्त विनवलं नाही. नव्या कार्डाची माफी मागायची आणि फरक नीट लिहायचा. बुवा म्हणाले, दोन दिवस द्या, आधी डोळे तपासून घेतो. पलीकडे जी शांतता झाली, तिच्यात त्यांना आपल्या जागी येणाऱ्या माणसाची पावलं ऐकू आली.

आईला मात्र या भानगडीत आपल्या जुन्या डोळ्याची लाज वाटू लागली होती. तपासणीच्या कामात तो काहीच उपयोगाचा ठरला नव्हता. दुसरंही ऑपरेशन करून टाकू, असं तिने आपणहून जाहीर केलं, आणि मायलेक डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. आईची तारीख ठरली. मग बुवांनी खालच्या आवाजात सांगितलं, की जरा माझेही बघा, मला अलीकडे फरक दिसत नाही.

डॉक्टर वयस्क होते आणि दिवसभराच्या रांगेने वाकले होते. त्यांनी बुवांना खुर्चीत बसवलं, नाकावर ती जड फ्रेम ठेवली आणि समोरची अक्षरं वाचायला लावली. काचा बदलत गेले. बुवांना घाम फुटला होता. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या परीक्षा घेतल्या होत्या.

“आता शेवटचं,” डॉक्टर म्हणाले. “ही बघा काच.” टक् असा आवाज झाला. “आणि ही दुसरी. कुठलीने जास्त चांगलं दिसतं?”

बुवांनी डोळे ताणले. खोटं सांगावं, असं एकदा मनात येऊन गेलं. दुसरी म्हणावं, म्हणजे निदान इथे तरी पास होऊ. पण एवढ्या वर्षांची खोड जात नाही.

“डॉक्टर, खरं सांगू? सारखंच दिसतंय.”

डॉक्टरांनी फ्रेम काढून घेतली. “उत्तम आहेत तुमचे डोळे. मी काच बदललीच नव्हती. नुसता आवाज केला. इथे येणारी बहुतेक माणसं म्हणतात, दुसरीने छान दिसतं.”

बुवांनी डोळे मिटून घेतले. आईला वाटलं त्यांना भोवळ आली, म्हणून तिने पाठीवर हात ठेवला. मग ते खुर्चीत सरसावून बसले.

“डॉक्टर,” ते म्हणाले, “हे एवढं तुमच्या सहीशिक्क्यानिशी लिहून द्याल का? मासिकात छापायचंय.”