वीस गुणिले तीस भागिले शून्य

गणिताला घाबरून ताईने जीवशास्त्र घेतलं, तर गणित तिथेही दबा धरून बसलेलं! ‘जीवशास्त्रासाठी गणिती पद्धती’ नावाच्या पेपरात ती एकदा आपटली होती. आता सरांनी शेवटची संधी दिली होती. अंगणात एकूण गोगलगायी किती, ते सगळ्या न पकडता काढायचं आणि आज पाचच्या आत आकडा कळवायचा.

रीत सोपी होती. परवा ताईने वीस गोगलगायी पकडल्या, शंखांवर नेलपॉलिशचे लाल ठिपके दिले आणि सोडून दिल्या. आज पुन्हा तीस पकडायच्या. वीस गुणिले तीस, भागिले त्यांतल्या ठिपकेवाल्या. संपलं!

तीस पकडल्या. ठिपकेवाली एकही नाही.

“भागिले शून्य?” ताईचा चेहराच उतरला. “शून्याने भागता येत नाही गं!”

“म्हणजे अगणित आहेत!” धाकटी आनंदाने किंचाळली. “बाबा, आपल्याकडे अगणित गोगलगायी!”

बाबा खुरपं टाकून धावत आले. “तरीच! दोन दिवसांत माझा अर्धा पालक फस्त झालाय.” त्यांनी तिथूनच फवारणीवाल्याला फोन लावला. “हो, आत्ताच या!”

“बाबा, त्या मेल्या तर मी मोजू काय? तुमचं डोकं?”

“मोज की. एकच आहे, चुकणार नाहीस.”

पाचाला वीस मिनिटं उरली, ताई रडायच्या बेताला आली, आणि ड्यूटी संपवून आई घरात शिरली. आई नर्स.

“लाल ठिपकेवाल्या ना? त्या कधीच्या वेगळ्या ठेवल्यात मी. एकदम वीसजणींना पुरळ! साथ पसरली असती म्हणजे?”

तिने न्हाणीघरातून जाळीने झाकलेली बादली आणली. आत वीसच्या वीस, चांगल्या गुटगुटीत.

“आई, ते नेलपॉलिश आहे! तुझंच!”

“अस्सं! तरी म्हटलं बाटली रिकामी कशी.”

ताईने सरांना फोन लावला. सगळं ऐकून सर पोट धरून हसले. “अगं, मधल्या काळात कुणी आत-बाहेर करायचं नाही, ही अट मी तासभर शिकवली. कुणाच्या डोक्यात शिरली नाही. तुला आता जन्मात विसरायची नाही! हेच लिहून दे. आकडा सोमवारी चालेल.”

ताईने असा सुस्कारा सोडला की वहीची पानं फडफडली.

बाबा मात्र बादलीतल्या हिरव्या देठांकडे बघत होते. “हा पालक...”

“पेशंटला सकस आहार नको?” आई म्हणाली.

बाबांनी पुन्हा फोन उचलला. “येऊ नका हो. पालक कोण संपवतंय ते सापडलं. त्यावर तुमच्याकडे औषध नाही.”