शुद्ध पाणी नापास

सात वाजून दहा मिनिटांनी मोजणीच्या ताईंनी तिसऱ्यांदा पाण्याची काचेची कुपी यंत्रात ठेवली, तिसऱ्यांदा आकडा चौऱ्याऐंशी आला, आणि त्यांनी फोन उचलून पंपवाल्या काकांना सांगितलं, "काका, पाणी बंद करा."



"ताई, लोक आंघोळीला बसलेत."

"तीन वेळा नव्वदच्या खाली आला की बंद. मी नाही म्हणत, भिंतीवर लिहिलंय."

"भिंतीचं काय जातंय. साहेबांना तोंड कोण देणार?"

"मी देईन. तुम्ही बंद करा."

काकांनी बंद केलं.

या जलशुद्धीकरण केंद्रात पाण्यात थोडं पेरॉक्साइड सोडून त्यावर अतिनील दिव्यांचा मारा करत. गाळणीलाही दाद न देणारी औषधांची, कीटकनाशकांची शिल्लक त्या दोघांपुढे मोडून पडे. पण त्यासाठी प्रकाश पाण्यातून आरपार जायला हवा. शंभरातला किती जातो, ते ताई दर तासाला जागेवरच मोजत. पाइपवरचा मीटर दुरुस्तीला गेल्यापासून तर सगळा भार त्यांच्याच टेबलावर होता. अकरा वर्षांत त्यांच्या पाळीतला एकही तास कोरा गेला नव्हता.

गेल्या महिन्यात मात्र गोची झाली होती. असंच पाणी थांबवलं, कारण सापडलं नाही, आणि दुपारपर्यंत आकडा आपसूक सुधारला. साहेबांनी लेखी दिलं, पुन्हा विनाकारण पाणी थांबल्यास बदली जुन्या फायलींच्या खोलीत. त्या खोलीला खिडकी नव्हती, आणि मोजण्यासारखं तर काहीच नव्हतं.

शहराच्या टाकीत दोन तासांचं पाणी होतं. केंद्रामागची कर्मचाऱ्यांची वसाहत मात्र थेट पाइपवर. साहेबांचं घर तिथलंच पहिलं.

ताई आणि काका दिव्यांपाशी गेले. बाराच्या बारा दिवे चालू. पेरॉक्साइड ठरल्याइतकं. पाणी डोळ्याला नितळ.

"सगळं ठणठणीत आहे," काका हळूच म्हणाले. "सोडतो परत. कोणाला कळणार आहे?"

"पिणाऱ्याला कळत नाही, म्हणून तर मोजायचं, काका."

ताई टेबलाशी परतल्या. उरलं काय? त्यांनी तीच कुपी घेतली आणि यंत्र जुळवण्यासाठी ठेवलेलं बाटलीतलं अगदी शुद्ध पाणी तिच्यात भरलं. त्याचा आकडा शंभर यायलाच हवा.

चौऱ्याऐंशी.

"घ्या," काका म्हणाले, "शुद्ध पाणीही नापास."

ताईंच्या जिवात जीव आला. म्हणजे खोट पाण्यात नव्हती, काचेत होती. पण रात्रपाळीची कुपी वेगळी होती, आणि या कुपीला त्यांच्याशिवाय कोणी हात लावत नव्हतं; आज सकाळी मात्र ती नेहमीच्या खणाबाहेर दिसली होती.

तेवढ्यात साहेब आले. कालचीच पँट, उलटा शर्ट, डोक्यावर फेसाचा डोंगर. एका कानातून साबण ओघळत होता.

"ताई," साहेब अगदी हळू बोलले. ते ओरडले असते तर बरं, असं काकांना वाटलं. "माझं पत्र मिळालं होतं ना?"

"मिळालं, साहेब. काल संध्याकाळी पाहुणे आले होते का इथे?"

"आले होते. विषय बदलू नका."

"ही कुपी त्यांना दाखवलीत?"

"दाखवली. चारचौघांत बरी दिसावी म्हणून पुसलीही. तेवढी टापटीप तुम्हीच ठेवायला..."

"कशानं पुसलीत?"

साहेबांचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. ताईंनी तळवा पुढे केला. रुमाल बाहेर आला. केसांना तेल लावलं की साहेब रोज हात ज्याला पुसत, तोच.

ताईंनी कुपी स्पिरिटनं धुतली, शुद्ध पाणी भरून ठेवली. शंभर. मग रुमालानं एकदाच बाहेरून पुसली. पंच्याऐंशी.

"आपल्या डोळ्यांना हे तेल दिसत नाही," त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "या प्रकाशाला दिसतं."

साहेब रुमालाकडे बघत राहिले. "गेल्या महिन्यात... तेव्हाही पाहुणेच होते."

काका छताकडे बघू लागले.

ताईंनी कुपी पुन्हा स्पिरिटनं धुतली, पाइपातलं ताजं पाणी भरलं. शहाण्णव.

"झालं," काका उठले. "सोडतो पाणी."

"थांबा," साहेब म्हणाले. साबण आता डोळ्यात उतरला होता, आणि पुसायला रुमाल नव्हता. "सोडतानाही तीन वेळा मोजायचं, भिंतीवर लिहिलंय."

ताईंनी दुसऱ्यांदा कुपी भरली. साहेब एक डोळा मिटून आकड्याकडे बघत होते. साहेबांचा फोन वाजला, घरून होता.

"अहो, पाणी कधी येणार?"

"ताई सांगतील तेव्हा," साहेब म्हणाले, आणि स्टूल ओढून बसले.