वाघाचा घोटा आणि पायाळू गाढव

एका जंगलात, बाळांनो, एक वाघ राहत होता आणि त्याचा घोटा मुरगळला होता. सशामागे धावताना पाय घुशीच्या बिळात गेला. घोटा टम्म फुगला.

अस्वल वैद्यांनी घोटा दाबून पाहिला, पट्टी बांधली आणि सांगितलं, "महाराज, सूज उतरेपर्यंत पाय टेकवायचा नाही."

"मग शिकार तुम्ही करणार का?" वाघ गुरगुरला. "एवढंसं दुखणं आणि केवढं पथ्य!"

तेव्हा झाडावरची माकडीण म्हणाली, "महाराज, आपलं सोनबा गाढव पायाळू आहे. जन्मताना त्याचे पाय आधी बाहेर आले. पायाळूनं लाथ मारली की लचक पळते. माझ्या मावशीची पळाली."

आता गाढवं सगळीच पाय पुढे करून जन्मतात. पण एवढी चौकशी कोण करतो? तुम्हीही करू नका.

वाघाचा निरोप आला तसा सोनबा गाढविणीला म्हणाला, "अगं, मारली तर तो मला खाईल. नाही मारली तरी खाईल."

"मग मारूनच मरा की," गाढवीण रडत रडत म्हणाली.

सकाळी सारं जंगल जमलं. सोनबाने डोळे मिटले आणि लाथ झाडली. कडकन आवाज झाला. वाघाच्या डोळ्यांत पाणी आलं. सोनबा मान खाली घालून मरणाची वाट बघत उभा राहिला.

वाघाने तोंड उघडलं. मग भोवती पाहिलं. ओरडलो तर उद्या ससेसुद्धा म्हणतील, गाढवाच्या लाथेने वाघ रडला.

"वा!" तो म्हणाला. "गुण आला."

"लगेच?" अस्वलांनी विचारलं.

"लगेच," डोळे पुसत वाघ म्हणाला, आणि तीन पायांवर उड्या मारत गुहेकडे गेला.

सोनबा राजवैद्य झाला. अस्वल वैद्य मध गोळा करू लागले. वाघ अजून तीन पायांवरच चालतो आणि खाली पडलेली बोरं खातो. कुणी विचारलंच, तर पथ्य आहे म्हणतो.

परवा शेजारच्या जंगलातल्या वाघाचा पाय लचकला. आपल्या वाघाने त्याला आग्रहाने सोनबाकडेच पाठवलं. एकट्याने किती दिवस लंगडायचं?

तात्पर्य: रोगी जितका मोठा, तितकी लाथ बिनधास्त मारावी. गुण आल्याचं तो स्वतःच सांगत फिरतो.